निळ्या रंगाचा भाव



निमंत्रणपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय मोठा भारदस्त छापला आहे : मध्ययुगीन हस्तलिखितांपासून आधुनिक चित्रांपर्यंत युरोपची चित्रकला. हजार-बाराशे वर्षांचा हा पसारा तासाभरात दाखवायचा म्हणजे पडद्यावर चित्र येणार, मी नाव सांगणार आणि तुम्ही ‘वा’ म्हणेपर्यंत पुढचं चित्र येणार. सहल कंपन्यांबरोबर गेलं की संग्रहालयं अशीच ‘बघून होतात’. त्यापेक्षा मी आज एकच रंग धरून चालणार आहे, निळा. तो माझा लाडका आहे म्हणून नव्हे. युरोपात कित्येक शतकं तो सोन्याच्या बरोबरीनं मोजला गेला, आणि महाग वस्तूंचे कागद मागे राहतात : करार, पावत्या, कर्जाच्या नोंदी. चित्रकाराच्या मनात काय चाललं होतं, ते आपल्याला सहसा कळत नाही. निळ्यासाठी कुणी किती पैसे मोजले, ते बरेचदा कळतं.

हा निळा यायचा अफगाणिस्तानातून. बदख्शानच्या डोंगरांत सर-ए-संग इथे लाजवर्द या निळ्या दगडाच्या खाणी आहेत, हजारो वर्षं चालत आलेल्या. तिथला दगड आपल्याकडेही आला. पाचव्या शतकात अजिंठ्याची लेणी रंगवणाऱ्यांना तांबडी, पिवळी माती आणि हिरवा दगड आसपास मिळत होता. निळ्यासाठी मात्र लाजवर्द दुरून आणावा लागला. युरोपच्या चित्रांत तो रुळायला आणखी काही शतकं जायची होती.

पहिलं चित्र पाहू. ‘बुक ऑफ केल्स’, इसवी सन ८००च्या आसपासचं, आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात असलेलं ख्रिस्ती शुभवर्तमानांचं हस्तलिखित. याची ३४० पत्रं आहेत, म्हणजे ६८० पृष्ठं, आणि ती वासराच्या कातड्याची आहेत. कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस काढायचे, लाकडी चौकटीवर ताणून बसवायचं आणि अर्धगोल पात्यानं खरवडत राहायचं. मग ते लिहिण्याजोगं होतं. या पुस्तकातला निळा बदख्शानचा आहे असं बरीच वर्षं छापलं जात होतं. कल्पना रम्य आहे : अटलांटिकच्या काठावरचा एक मठ आणि हिंदुकुशातला दगड. प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा निळा निघाला वनस्पतीचा, आपल्या निळीच्या जातीचा. आणि जे सोनं वाटतं, ती हरताळ आहे. आपल्या पोथ्यांमध्ये चुकलेली अक्षरं झाकायला वापरत, तीच. या पुस्तकात सोनं नाही. तरी त्या पानावरची नक्षी बघा. नजर आत शिरते आणि बाहेर यायची वाट सापडत नाही. माल स्वस्त होता, हात महाग होता. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची सहाशे-सातशे वर्षं गोष्ट उलटी चालणार आहे.

आता मी तुम्हाला चित्र दाखवणार नाही, एक दात दाखवणार आहे. जर्मनीत डालहाइम इथे ख्रिस्ती जोगिणींचा एक छोटा मठ होता. तो चौदाव्या शतकात जळाला. तिथलं एकही पुस्तक उरलेलं नाही. तिथल्या दफनभूमीत पंचेचाळीस ते साठ वयाच्या एका बाईचा सांगाडा मिळाला, साधारण अकराव्या-बाराव्या शतकातला. संशोधकांना तिच्या दातांवरच्या कीटणातून खरं तर तिच्या आहाराचा शोध घ्यायचा होता. कीटण विरघळवलं तर भिंगाखाली निळे कण दिसले. एक-दोन नव्हे, शंभरावर. ते लाजवर्दाचे होते. २०१९मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. सर्वांत पटणारा खुलासा असा, की ही बाई हस्तलिखितं रंगवत होती आणि कुंचल्याचं टोक बारीक करायला तो ओठांत धरत होती. आपल्याकडचे चित्रकारही असं करतात, तुमच्यापैकी काहींनी शाळेत केलं असेल आणि बाईंचा धपाटाही खाल्ला असेल.

या दातानं दोन गोष्टी झाल्या. मध्ययुगीन हस्तलिखितं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मठातला पुरुष साधू उभा राहतो. बारावं शतक उजाडण्याआधीच्या जर्मन पुस्तकांवर बायकांची नावं क्वचितच आढळतात, कारण बहुतेक पुस्तकांवर कुणाचंच नाव नाही. या दातानं त्या साधूशेजारी एक बाई उभी केली. आणि दुसरं म्हणजे इतका मौल्यवान रंग जिच्या हाती दिला, ती शिकाऊ नव्हती. तिनं रंगवलेलं एकही पान आज नाही. कीटण आहे.

दगडाचा रंग होतो कसा? नुसता कुटून होत नाही. लाजवर्दात पांढरी खडीही असते आणि सोनेरी ठिपके असलेलं लोहखनिजही. सगळं एकत्र कुटलं की राखाडी पूड मिळते. इटलीतल्या चेन्निनो चेन्निनी या चित्रकारानं १४००च्या सुमारास कारागिरांसाठी जो ग्रंथ लिहिला, त्यात कृती आहे. दगड झाकलेल्या खलात कुटायचा, म्हणजे पूड उडून वाया जात नाही. वस्त्रगाळ करायचा. पाइनची राळ, मस्तकीचा डिंक आणि मेण वितळवून त्यात ही पूड घालून गोळा करायचा आणि तो काही दिवस कणकेसारखा तिंबत ठेवायचा. मग राखेच्या क्षारपाण्यात बुडवून दोन काठ्यांनी दाबायचा. निळा तेवढा पाण्यात उतरतो, माती-खडी राळेत अडकून राहते. पहिलं पाणी सर्वोत्तम, दुसरं त्याच्या खालचं, असं करत शेवटी राखेचा रंग हाती येतो. चेन्निनी असंही म्हणतो, की हे काम पुरुषांपेक्षा मुलींना अधिक चांगलं जमतं; त्यांचे हात नाजूक असतात आणि त्या घरात असतात. या शेवटच्या कारणावर मी भाष्य करत नाही.

याच काळात फ्रान्समध्ये बेरीचा ड्यूक जाँ याच्या पदरी तीन भाऊ होते, पोल, हर्मन आणि योहान लिम्बुर्ग. मूळचे नायमेखनचे. ड्यूकला पुस्तकांचा नाद होता. १४११च्या नववर्षाला या भावांनी त्याला एक देखणं पुस्तक भेट दिलं, ते उघडेचना. तो लाकडाचा ठोकळा होता, पुस्तकासारखा रंगवलेला. धन्याची अशी थट्टा करण्याइतकी त्यांची सलगी होती. पडद्यावर आहे ते त्यांचं नित्यप्रार्थनेचं पुस्तक, ‘त्रे रिश झर’, आज शाँतियीच्या संग्रहालयात आहे. हे फेब्रुवारीचं पान. बाहेर बर्फ, मेंढ्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि झोपडीत शेतकरी मंडळी शेकोटीपुढे कपडे वर करून बसलेली, नको ते दाखवत. हे प्रार्थनेच्या पुस्तकात! वर अर्धवर्तुळात लाजवर्दाचं आकाश आणि सूर्याचा रथ. बर्फात मळलेल्या माणसांच्या डोक्यावर जगातला सगळ्यांत महाग निळा. ड्यूक आणि तिन्ही भाऊ, चौघेही १४१६मध्ये गेले. भावांना बहुधा प्लेगनं गाठलं. पुस्तक अर्धवट राहिलं, ते पुढे दुसऱ्या चित्रकारांनी पुरं केलं.

थोडं मागे, भिंतीकडे वळू. पादुआ शहरात एन्रिको स्क्रोव्हेन्यी यानं जोत्तोकडून प्रार्थनामंदिर रंगवून घेतलं, १३०५च्या सुमारास. छत निळं, सोनेरी चांदण्यांचं. हा निळा लाजवर्दाचा नाही, अझुराइट या तांब्याच्या खनिजाचा आहे, तुलनेनं स्वस्त. तो ओल्या गिलाव्यावर टिकत नाही, म्हणून भिंत वाळल्यावर चिकटद्रव्यात कालवून लावावा लागला, आणि म्हणूनच ठिकठिकाणी उडाला. एन्रिकोचा बाप नामांकित सावकार. डांटेनं आपल्या महाकाव्यात त्याला नरकात, व्याजखाऊंच्या रांगेत बसवलं आहे, आणि ओळख पटावी म्हणून गळ्यात थैली दिली आहे, तिच्यावर निळी डुकरीण! ते या घराण्याचं बोधचिन्ह होतं. मुलगा छत निळं करतो, कवी बापाच्या गळ्यात निळीच डुकरीण अडकवतो. जाता जाता सांगतो, याच महाकाव्याची एक जुनी, रंगीत आद्याक्षरांची हस्तलिखित प्रत मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं दिलेली. मुसोलिनीनं ती परत मिळवायला मोठी रक्कम देऊ केली होती, असं सांगतात.

आता माझ्या मुद्द्याचा कागद. २३ ऑक्टोबर १४८५, फ्लॉरेन्स. अनाथ बालकांच्या आश्रमाचा प्रमुख आणि दोमेनिको गिर्लांदायो हा चित्रकार यांच्यातला करार. विषय : पूर्वेकडच्या राजांनी बाळ येशूला केलेलं वंदन. मुदत ३० महिने, मोबदला ११५ फ्लोरिन, रंग आणि सोनं चित्रकाराच्या पदरचं. आणि एक अट : निळा वापरायचा तो औंसाला सुमारे ४ फ्लोरिन भावाचा. येशूच्या आईचं, मेरीचं, निळं वस्त्र कोणत्या भावाचं, हे करारात! चित्र आजही त्याच संस्थेच्या संग्रहालयात आहे. पुढे दोन छोटी मुलं गुडघे टेकून बसली आहेत, आश्रमाच्या मुलांची आठवण करून देणारी, आणि मागे गर्दीतून आपल्याकडे बघणारा एक चेहरा खुद्द गिर्लांदायोचा मानतात.

पण याच करारात आणखी एक अट आहे : चित्र त्यानं स्वतःच्या हातानं काढायचं. मायकेल बॅक्झँडॉल या इतिहासकारानं १९७२मध्ये अशा करारांचा अभ्यास करून दाखवलं, की पंधराव्या शतकात गिऱ्हाइकाचा पैसा हळूहळू सोन्या-निळ्यावरून उस्तादाच्या हाताकडे सरकत होता. १४३५मध्येच आल्बेर्तीनं चित्रकलेवरच्या ग्रंथात सांगितलं होतं, की चित्रात सोनं चिकटवण्यापेक्षा सोन्याची झळाळी नुसत्या रंगांनी उभी करणारा चित्रकार अधिक कौतुकाला पात्र. उत्तरेकडे यान फान आइक ते करूनही दाखवत होता. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं त्याचं १४३४चं आर्नोल्फिनी दांपत्य बघा. ते पितळी झुंबर म्हणजे पिवळे, तपकिरी फटकारे आणि पांढरे ठिपके, एवढंच आहे. अंड्याच्या बलकाऐवजी जवसासारख्या तेलात रंग कालवला, की तो सावकाश वाळतो आणि पातळ थरांतून खालचा उजेड वर येतो. तैलरंगाचा शोध फान आइकनं लावला, ही कथा चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हाझारीनं पसरवली. ती खरी नाही. तेलातला रंग त्याच्या कितीतरी आधी लोकांना माहीत होता. बामियानच्या गुहांमध्ये सातव्या शतकाच्या सुमाराची, वाळणाऱ्या तेलात रंगवलेली बौद्ध चित्रं सापडली आहेत. म्हणजे निळा अफगाणिस्तानचा आणि तेलाचे इतके जुने नमुनेही तिथलेच. हा योगायोग आहे, त्यातून सिद्धान्त काढू नका.

सोळाव्या शतकातून मी धावत जाणार आहे. लिओनार्दो, राफाएल, मायकेलअँजेलो यांच्यावर तुम्ही पुष्कळ ऐकलं आहे. मायकेलअँजेलोचं एकच अपुरं चित्र दाखवतो, लंडनमधलं ‘कबरीकडे’. उजवीकडे खाली कोपरा कोरा आहे. तिथे मेरी यायची होती आणि चांगला निळा मिळाला नाही म्हणून जागा राहिली, असा एक तर्क आहे. व्हेनिसमध्ये ही अडचण नव्हती. पूर्वेचा माल तिथल्याच बंदरात उतरायचा आणि फक्त रंग विकणारे व्यापारी तिथे होते. तिशियनच्या ‘बाखस आणि आरिआद्ने’मधलं आकाश पाहिलं, की बंदराचा शेजार म्हणजे काय ते कळतं.

रेम्ब्राँला आज मी वगळतो आहे. त्याचं राज्य तपकिरीत. त्यानं मोगल लघुचित्रांवरून काढलेली रेखाटनं आपल्या दृष्टीनं मोलाची आहेत, पण त्याला स्वतंत्र व्याख्यान हवं.

व्हर्मीरपाशी मात्र थांबू या. डेल्फ्ट, सतरावं शतक. इथे चर्च चित्रं मागवत नाही, ड्यूकही नाही. चित्रं विकत घेतात व्यापारी, दारू गाळणारे, बेकरीवाले. घरातल्या भिंतीला बेताचं चित्र हवं. अशा बाजारात शहाण्या माणसानं स्वस्त निळा वापरावा. व्हर्मीर लाजवर्द वापरतो. दूध ओतणाऱ्या मोलकरणीच्या कमरेच्या फडक्याला तो मेरीच्या वस्त्राचा निळा देतो. इथपर्यंत समजतं. पण तो हा रंग दिसणार नाही तिथेही घालतो. ब्राउनश्वाइगच्या संग्रहालयात त्याचं मद्याचा प्याला हाती घेतलेल्या मुलीचं चित्र आहे. तिचा पोशाख लाल. त्या लालाच्या सावल्यांखाली लाजवर्दाचा थर आहे. गिऱ्हाइकाला तो कधीच दिसणार नव्हता. म्हणजे हा निळा दाखवण्यासाठी नाही, खिडकीतून येणाऱ्या उजेडाची थंडी सावलीत उतरावी म्हणून आहे. माझ्या मते युरोपच्या चित्रकलेतलं हे मोठं वळण आहे आणि ते कोणत्याही जाहीरनाम्याशिवाय झालं. मोलाचा रंग प्रतिष्ठेसाठी न वापरता डोळ्यांनी जे पाहिलं त्याच्यासाठी खर्च करणं. ते त्याला परवडलं का? १६७५मध्ये तो त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. बायको कातरिना आणि मुलांचं लटांबर मागे राहिलं. बेकरीवाल्याची उधारी ६१७ गिल्डर झाली होती. तिच्यापोटी तिनं दोन चित्रं त्याच्याकडे दिली.

आता रसायनशास्त्र. अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बर्लिनमध्ये लाल रंग करायला गेलेल्या कारागिराच्या हातून निळा तयार झाला, प्रशियन ब्लू. त्यानं लाजवर्दाचं आसन हललं. ते उलथलं पुढच्या शतकात. १८२४मध्ये फ्रान्समधल्या उद्योगोत्तेजक मंडळानं कृत्रिम लाजवर्दी निळ्यासाठी ६,००० फ्रँकचं बक्षीस लावलं आणि १८२८मध्ये ते जाँ-बाप्तिस्त गिमे याला मिळालं. चिनीमाती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजायचा. रासायनिकदृष्ट्या रंग तोच. अस्सल लाजवर्दी रंगाच्या मानानं गिमेचा कितीतरी स्वस्त मिळू लागला आणि त्यानंतर त्याचा भाव उतरतच गेला. इतका उतरला, की धोब्याच्या बादलीत गेला. आपल्या आजीच्या काळात धोतरं-सदरे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पाण्यात नीळ घालायचे, ती पुडीतली निळी भुकटी म्हणजे हाच रंग. फ्लॉरेन्समध्ये ज्याचा औंसाचा भाव करारात लिहायचे, तो आपल्या मोरीत होता.

गिमेच्या कारखान्यानं अमाप पैसा मिळवला. त्याचा मुलगा एमील जपान, चीन, हिंदुस्थान फिरून आला आणि त्या पैशातून त्यानं आशियाई धर्म आणि कलांचं संग्रहालय उभारलं, आधी लियाँमध्ये, मग १८८९मध्ये पॅरिसला. आजचं गिमे संग्रहालय ते हेच. तिथे आपली शिल्पं आहेत, आणि अफगाणिस्तानातल्याही मूर्ती आहेत.

रंग स्वस्त झाला, आणि १८४१मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं दाबून रंग काढायच्या धातूच्या नळीचं पेटंट घेतलं. त्याआधी खललेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत ठेवायचे. आता खोका उचलायचा आणि नदीवर जायचं. १८७४मध्ये पॅरिसला छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत ज्यांचं प्रदर्शन भरलं, त्या मोने, रेन्वार, पिसारो यांनी सावली निळी-जांभळी रंगवली आणि टीकाकारांनी यथेच्छ टर उडवली. मला यात व्हर्मीरच्या कामाचं पुढचं पाऊल दिसतं. त्यानं थराखाली ठेवलेला निळा यांनी वर आणला. एवढंच, की त्यांना बेकरीवाल्याची भीती निळ्यापायी नव्हती. रेन्वारच्या ‘छत्र्या’ या चित्रात उजवीकडची माणसं त्यानं आधी काढली, त्यात कोबाल्टचा निळा आहे. डावीकडची बाई काही वर्षांनी काढली, तिथे गिमेचा कृत्रिम निळा आहे. एकाच चित्रात दोन निळे आणि त्यांच्यात काही वर्षांचं अंतर.

व्हॅन गॉग भावाला लिहिलेल्या पत्रांतून रंगांच्या याद्याच्या याद्या पाठवायचा. १८८९चं चांदण्या रात्रीचं भोवऱ्यासारखं फिरणारं आकाश इतकं जाड लिंपलेलं आहे, की लाजवर्दाच्या काळात ते राजालाही परवडलं नसतं. स्वस्त रंगांचा तोटाही त्याच्याच चित्रांत दिसतो. त्याच्या शयनगृहाच्या भिंती जांभळ्या होत्या. त्यातला लाल उडून गेला आणि आपण त्या निळ्या समजून छापत बसलो.

विसाव्या शतकात निळा सर्वांचा झाला. पिकासोनं १९०१ ते १९०४ भिकारी, आंधळे, उपाशी माणसं त्यात बुडवली. कांडिन्स्की आणि फ्रान्झ मार्क यांनी म्युनिकमध्ये आपल्या गटाचं नावच ‘निळा घोडेस्वार’ ठेवलं. त्यावर लिहिलं गेलंय तेवढं पुरे आहे.

शेवटचं चित्र. हा ईव्ह क्लाइन. पडद्यावर बिघाड झालेला नाही, चित्र असंच आहे, सगळं निळं. क्लाइनची तक्रार अशी होती, की कोरडी भुकटी जितकी तेजस्वी दिसते तितका कालवलेला रंग दिसत नाही; तेल तिला मारतं. एदुआर आदाम या पॅरिसच्या रंगविक्रेत्याच्या मदतीनं त्यानं एक कृत्रिम राळ शोधली, तिच्यात भुकटी भुकटीच राहते. १९६०मध्ये त्यानं या मिश्रणाची कृती फ्रान्सच्या सरकारदरबारी नोंदवली; रंगाचं पेटंट घेतलं म्हणतात, ते बरोबर नाही. आणि भुकटी कोणती? गिमेच्याच वंशातली, कृत्रिम लाजवर्दी. मोरीतल्या पुडीची सख्खी बहीण. या चित्राला बोट लागलं तर डाग पडतो आणि तो काढणं जवळपास अशक्य असतं, म्हणून संग्रहालयं प्रेक्षकाला लांब ठेवतात.

जानेवारी १९५७मध्ये मिलानमध्ये क्लाइननं अशी अकरा चित्रं टांगली. सगळी एका मापाची, एकाच निळ्यातली. तो पुढे सांगायचा, की प्रत्येकाची किंमत वेगळी होती आणि घेणाऱ्यांनी आपापलं चित्र निवडून ती आनंदानं मोजली. हे खरं की त्यानं रचलेलं, यावर अजून वाद आहेत. क्लाइनला गोष्ट रंगवून सांगायची हौस होती. गिर्लांदायोच्या गिऱ्हाइकाला निदान औंसाचा भाव विचारता येत होता. मिलानमधलं एक चित्र लुचो फोंताना या चित्रकारानं विकत घेतलं, एवढं नक्की. पुढच्याच वर्षी त्यानं स्वतःच्या कॅनव्हासवर सुरीनं चिरा पाडायला सुरुवात केली. तिथून गोष्ट रंगाची राहत नाही, कापडाची होते, आणि ती आजच्या विषयात बसत नाही.